फर्निचरवर कागद चिकटवताना फुगे का येतात, आणि ते येऊ नयेत म्हणून कामाचा क्रम

डेकूपाज केलेल्या, म्हणजे कागदी चित्रं चिकटवून वर वार्निश दिलेल्या, टीपॉयचा नाहीतर पाटाचा फोटो आणि खाली एकच ओळ: "फुगे आलेत, आता काय करू?" असे निरोप मला सारखे येतात. बहुतेकांना वाटतं की दाबताना हात कमी पडला. मग पुढच्या वेळी ते आणखी जोर लावतात, स्टीलच्या पट्टीने घासतात, आणि फुगे तर येतातच, वर कागदही फाटतो.

फुग्याचं मूळ बहुतेक वेळा तीनांपैकी एका जागी असतं. लाकूड तेलकट किंवा ओलसर होतं, कागद भिजल्यावर वाढणार हे धरलं नव्हतं, किंवा खालचा थर वाळायच्या आत वरचा हात मारला. म्हणून या लेखात प्रत्यक्ष चिकटवणं निम्म्यानंतर येतं. तोवरचं वगळावंसं वाटेल. माझं पहिलं टीपॉय मी ते वगळूनच केलं होतं, भर जुलैत, जुन्या कॅलेंडरची गुळगुळीत पानं घेऊन. दुसऱ्या दिवशी सकाळी ते आषाढात वाळत घातलेल्या पापडासारखं दिसत होतं.

## १. हवा आणि वेळ

सांगलीत हे काम करायला दिवाळीनंतर ते मार्चपर्यंतचा काळ सगळ्यात सोपा. पावसाळ्यात करता येतं, पण प्रत्येक ठिकाणी सांगितलेला वाळण्याचा वेळ दुप्पट धरा. एप्रिल-मेची अडचण उलटी आहे. दुपारी चिकटा ब्रशखालीच वाळायला लागतो आणि कागद सरकवून नीट बसवायला वेळच मिळत नाही. उन्हाळ्यात सकाळी सहा ते नऊ, एवढ्यातच काय ते उरका.

चिकटवताना पंखा बंद ठेवा. वाऱ्याने चिकट्यावर साय धरते आणि नॅपकिनसारखा हलका कागद उडून भलत्याच जागी चिकटतो. काम झाल्यावर पंखा लावा, पण समोरून नको, लांबून आणि हळू.

एक आपल्याकडची खास अडचण. हिवाळ्यात ऊसतोड सुरू असते आणि कुठेतरी पाचट पेटवलेलं असतं. त्याची काळी काजळी विश्रामबागेतल्या माझ्या गच्चीपर्यंत येते. ओल्या वार्निशवर एक कण बसला आणि तुम्ही तो बोटाने उचलायला गेलात, की काळी रेघ उमटलीच. त्या दिवसांत खिडक्या लावून आतल्या खोलीत काम करा.

## २. लाकूड आतून कोरडं आहे का

नवीन आणलेल्या वस्तूला ही पायरी लागत नाही. पुरात भिजलेल्या, ओल धरलेल्या भिंतीला टेकून ठेवलेल्या किंवा माळ्यावरून काढलेल्या वस्तूला मात्र लागतेच.

२०१९च्या महापुरात सांगलीतल्या गावभागातलं आमच्या सासरचं सागवानी टेबल पाण्यात होतं. त्या दिवाळीपर्यंत ते हाताला खडखडीत लागत होतं, म्हणून मी कागद लावला. संक्रांतीच्या सुमाराला जोडांवरून तपकिरी रेघा वर आल्या आणि त्याच रेघांवर कागद सुटला. दुरुस्तीला आलेले सुतारमामा टेबल उलटं करून बघत म्हणाले, "ताई, वरनं वाळलंय, आतनं न्हाई." सांध्यांत गाळही तसाच होता. ओल तिथेच धरून राहिली होती.

तपासा: पृष्ठभागावर वीतभर प्लॅस्टिकचा तुकडा ठेवून चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करा. रात्रभर ठेवा. सकाळी प्लॅस्टिकच्या आतून दव दिसलं किंवा त्याखालचं लाकूड गडद झालं असेल तर काम पुढे ढकला. छोटी वस्तू असेल तर दर आठवड्याला वजन करा. वजन उतरत असेल तोवर लाकूड पाणी सोडतंय.

उन्हात मात्र वाळवू नका. वरचा थर आकसतो आणि फळी तडकते किंवा वाकते. सावलीत, भिंतीपासून दूर, चारी पायांखाली विटा देऊन ठेवा.

## ३. तेल, मेण आणि हळद काढणं

चांगल्या पाण्याचे चार थेंब पृष्ठभागावर टाका. ते मोत्यासारखे उभे राहिले तर वर तेल, मेण किंवा पॉलिश आहे. थेंब पसरून मुरले तर चिकटाही मुरेल.

स्वयंपाकघरातल्या आणि देवघरातल्या वस्तू हमखास तेलकट असतात. लिटरभर कोमट पाण्यात चमचाभर धुण्याचा सोडा घाला, फडकं घट्ट पिळून पुसा, मग साध्या पाण्याच्या फडक्याने दोनदा पुसा. पाणी ओतून धुऊ नका. प्लायवूड असेल तर वरचं व्हिनियर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा, सुटून येईल. मेणाचं पॉलिश सोड्याला दाद देत नाही. त्याला टर्पेंटाइन लावलेलं फडकं, आणि फडक्याची बाजू सारखी बदलायची. नाहीतर मेण इकडून तिकडे पसरतं एवढंच.

चौरंग आणि पाटांवर हळदीचे डाग असतात. सोडा लागला की ते एकदम लालभडक होतात. घाबरू नका. हळद सोड्याशी अशीच वागते, लाकडाला काही झालेलं नसतं. पण तो डाग पुढे पांढऱ्या रंगातून आणि पातळ कागदातून वर येऊ शकतो. हळदीचा रंग उन्हात उडतो, तेव्हा पूर्ण कोरडा पाट दोन-तीन दिवस सकाळच्या कोवळ्या उन्हात ठेवा. राहिलेलं काम चपडा (लाखेचं पॉलिश) करतो, ते पाचव्या पायरीत येईल.

## ४. घासणं आणि लांबी (पुट्टी)

पॉलिश पेपर तीन नंबरचे घ्या: १२०, २२० आणि ४००. जुनं पॉलिश किंवा रंग पक्का असेल तर तो सगळा काढायची गरज नाही, चमक मोडली की पुरे. पक्का आहे की नाही हे बघायला चिकटपट्टी घट्ट दाबून झटक्यात ओढा. रंगाचे पोपडे पट्टीबरोबर आले तर तो रंग उतरवावाच लागेल. पोपड्यांवर चिकटवलेला कागद उद्या पोपड्यांसकटच निघेल.

सावधान: जुन्या तैलरंगात शिसं असू शकतं. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा नोव्हेंबर २०१७पासून लागू झाली. त्याआधीचा रंग कोरडा घासू नका. वॉटर पेपर पाण्यात भिजवून घासा, मास्क लावा, मुलांना आणि गरोदर बायकांना त्या खोलीत येऊ देऊ नका, आणि निघालेला लगदा ओल्या कागदात गुंडाळून टाका.

नेहमी लाकडाच्या रेषेच्या दिशेने घासा. आडवे ओरखडे पातळ कागदातून स्पष्ट दिसतात. खड्डे, खिळ्यांची भोकं आणि सांधे यांत लांबी भरा. इथे एक चूक फार होते: एकदाच भरून, सपाट करून मोकळे होतात. लांबी वाळली की बसते आणि खळगा पुन्हा दिसतो. पहिल्यांदा थोडी उचलून भरा, पूर्ण वाळू द्या, २२०ने घासा, परत भरा.

तपासा: डोळे मिटून तळहात फिरवा. मग अंधारात टॉर्च आडवी धरून बघा. या दोन्हीत जे कळेल ते कागदानंतर दुप्पट कळेल. अर्धा मिलिमीटरचा उंचवटासुद्धा कागद लपवत नाही, उलट दाखवून देतो.

सनमायका असेल तर २२०ने घासून चमक पूर्ण मारा, स्पिरिटने पुसा आणि गुळगुळीत पृष्ठभागावर धरणारा प्रायमर लावा. पत्र्याच्या ट्रंकेला आधी गंज काढून मेटल प्रायमर हवाच. उघड्या पत्र्यावर पाण्याचा चिकटा लागला की वाळता वाळता गंजाचे ठिपके कागदावर येतात.

## ५. चपडा आणि पांढरा हात

सागवान, बाभूळ, शिसव अशा लाकडांत रंगद्रव्यं असतात. पाणी लागलं की ती वर येतात आणि कागदावर चहा सांडल्यासारखे डाग पडतात. पांढऱ्या रंगाचे चार हात दिले तरी ते थांबत नाहीत, कारण तो रंगही पाण्याचाच असतो. थांबवतो तो चपडा. स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख, मिरजेत सतारीच्या पॉलिशला वापरतात तीच. रंगाच्या दुकानात तयार मिळते. एक पातळ हात द्या, तासाभराने ४००ने नुसतं कुरवाळल्यासारखं घासा, दुसरा हात द्या. रात्रभर ठेवा. दुसऱ्या दिवशी परत हलकं घासा, म्हणजे रंगाला धरायला जागा मिळेल. स्पिरिट पेट घेतं, तेव्हा देवघरातला दिवा आणि गॅस दोन्ही लांब.

मग पांढऱ्या किंवा फिक्या क्रीम ॲक्रिलिक रंगाचे दोन पातळ हात. फोमच्या छोट्या रोलरने दिले तर ब्रशच्या रेघा राहत नाहीत. कागद जेवढा पातळ तेवढा खालचा रंग जास्त दिसतो. नॅपकिनखाली तर शुद्ध पांढराच हवा. गडद रंगावर लावलेल्या नॅपकिनमधलं गुलाबाचं फूल वाळल्यावर दिसेनासं होतं, हे एकदा बघितलं की परत कोणी करत नाही.

शेवटच्या हातानंतर निदान चोवीस तास. रंग बोटाला कोरडा लागला तरी त्यात पाणी असतं.

## ६. कागद ओळखा

सगळ्यात जास्त कामं इथे बिघडतात, म्हणून थोडं सविस्तर.

कागदाचे तंतू पाणी पिऊन फुगतात. ते लांबीत फारसे वाढत नाहीत, जाडीत वाढतात. कारखान्यात बहुतेक तंतू एकाच दिशेला पडलेले असतात, म्हणून भिजलेला कागद एका बाजूने जेमतेम आणि दुसऱ्या बाजूने बराच वाढतो. बाइंडिंगवाले या दिशेला ग्रेन म्हणतात. कोरडा कागद चिकट्यावर ठेवला की तो चिकटल्यानंतर वाढायला लागतो. बाजूला सरकायला जागा नाही, मग वरच उचलला जाणार. तुमचा फुगा तो हाच.

ग्रेन ओळखायला कागदाचा चौकोनी तुकडा घेऊन एकाच बाजूने ओल्या बोटाने पुसा. तो वळून नळी होईल. नळी ज्या दिशेला लांब, ती ग्रेनची दिशा. शेजारी शेजारी लावायच्या सगळ्या तुकड्यांचा ग्रेन एकाच दिशेला ठेवा, म्हणजे सगळे सारखेच वाढतील आणि सारखेच आकसतील.

आता कागदांचे प्रकार.

साधा ७०–८० जीएसएमचा (एका चौरस मीटरचं वजन ७०–८० ग्रॅम) कागद, जुन्या पुस्तकांची पानं, नकाशे: शिकायला हाच उत्तम. पाणी नीट पितो, भिजल्यावर लगेच फाटत नाही.

छापील चित्रं: झेरॉक्सच्या दुकानातून रंगीत लेझर प्रिंट काढून घ्या. त्यातली टोनर पाण्याने पसरत नाही. घरच्या इंकजेट प्रिंटरची शाई बहुतेक वेळा पसरते. तीच वापरायची असेल तर आधी छापील बाजूवर पारदर्शक ॲक्रिलिक स्प्रेचे दोन हलके हात द्या आणि एका कोपऱ्यावर पाण्याचा थेंब टाकून खात्री करा.

पेपर नॅपकिन: दोन किंवा तीन पदरी असतात. फक्त वरचा छापील पदर घ्यायचा. कोपऱ्यावर चिकटपट्टी लावून ओढली की पदर सुटतात. एखादा पांढरा पदर मागे राहिला तर चिकटा त्याच्या आरपार जात नाही आणि चार दिवसांनी चित्र सालीसारखं निघतं. दोनदा तपासा.

राइस पेपर: डेकूपाजसाठी मिळतो तो, खायचा नव्हे. महाग आहे, पण नॅपकिनपेक्षा कितीतरी सोशिक.

कॅलेंडर, मासिकं, भेटवस्तूंचे चकचकीत कागद: पाणी पीतच नाहीत. थेंब टाकून पाहा. थेंब तसाच उभा राहिला तर तो कागद बाजूला ठेवा. शिवाय मागेही छपाई असते आणि ती भिजल्यावर दिसते. कॅलेंडरवरच्या गणपतीच्या पोटातून एकादशी-चतुर्थीचे आकडे वर आलेले मी पाहिलेत.

वर्तमानपत्र: पिवळं पडतं. तसंच हवं असेल तर लावा.

लग्नपत्रिका: जाड पुठ्ठा असतो. मागचे पदर सोलता आले तर बघा, नाहीतर फ्रेम करा.

## ७. चिकटा

डेकूपाजचा तयार चिकटा मिळतो, चांगला असतो, महाग असतो. मी टेबलासारख्या मोठ्या कामाला सुतारकामाचा पांढरा फेव्हिकॉल वापरते. साध्या कागदाला तीन भाग फेव्हिकॉल आणि एक भाग पाणी. नॅपकिनला निम्मं-निम्मं. पाणी थोडं थोडं घालून ढवळा आणि जुन्या मलमलीतून गाळा. गाठी राहिल्या तर त्या नॅपकिनखाली पुळीसारख्या दिसतात. पाणी वाढवलं म्हणजे चिकटा पसरतो छान, पण कागद जास्त भिजतो आणि जास्त वाढतो. ही देवाणघेवाण लक्षात ठेवून प्रमाण ठरवा.

मैद्याची खळ वापरू का, असं विचारतात. आकाशकंदिलाला वापरा. फर्निचरवर तिला कसर लागते, झुरळं येतात, पावसाळ्यात बुरशी धरते. जुने बाइंडर त्यात मोरचूद घालायचे, पण तो विषारी आहे. घरातल्या पाटाला तो नकोच.

थांबा, आधी नमुना करा. तेच लाकूड किंवा प्लायचा तुकडा, तोच रंग, तोच कागद, तोच चिकटा, तेच वार्निश. पूर्ण वाळेपर्यंत. दोन दिवस जातात. अख्खं टेबल खरवडायला आठवडा जातो.

## ८. चिकटवणं: साधा कागद

हाताशी ठेवा: ताटात पाणी, दोन जुने पंचे, दीड इंची मऊ ब्रश, ओला स्पंज, जुनं एटीएम कार्ड मऊ फडक्यात गुंडाळून, आणि दुधाची रिकामी पिशवी कापून, धुऊन, सपाट केलेली.

अ) सगळे तुकडे आधी कोरडेच मांडून बघा, मोबाइलवर फोटो काढा, मागे पेन्सिलने नंबर घाला. कडेला तुकडे सेंटिमीटरभर बाहेर राहू द्या. मापात आत्ता कापायचं नाही.

आ) एक तुकडा ताटातल्या पाण्यात मिनिटभर बुडवा. तो आधी वळतो, मग सैल पडून सपाट होतो. सपाट झाला म्हणजे वाढायचा तेवढा वाढला. अलगद उचलून पंचावर ठेवा, दुसऱ्या पंचाने टिपा. पृष्ठभागावरची पाण्याची चमक गेली पाहिजे, ओल राहिली पाहिजे. कपडे इस्त्रीला काढतो तेव्हा असतात तेवढी.

इ) तो टिपला जाईपर्यंत पृष्ठभागावर चिकटा लावा, फक्त एका तुकड्यापुरता, कडेपर्यंत. मग कागदाच्या पाठीलाही एक पातळ हात. दोन्हीकडे लावला की कोरडी जागा राहत नाही.

ई) एक कड टेकवा आणि बाकीचा कागद हळूहळू खाली सोडत जा. पुस्तकाला कव्हर घालताना सोडतो तसा. सगळा एकदम टाकला की हवा मध्ये कोंडते.

उ) वर दुधाची पिशवी पसरा, छापील बाजू वर. आतली बाजू चिकट्याला धरत नाही. तिच्यावरून कार्ड फिरवा, मधून कडेला, हलक्या हाताने. बाहेर आलेला चिकटा ओल्या स्पंजने तिथल्या तिथे टिपा.

तपासा: एक कोपरा हळूच उचला. खाली सगळीकडे सारखी दुधाळ साय दिसली पाहिजे. कोरडा ठिपका दिसला तर तिथे फुगा येणार. थारोळं दिसलं तर तिथे गाठ येणार.

नेहमीची चूक: चिकटवून झाल्या झाल्या वरून चिकट्याचा हात मारणं. शिकवणारे पुष्कळदा तसंच दाखवतात, आणि नॅपकिनला ते चालतं. साध्या कागदाला चालत नाही. अर्धवट धरलेला कागद वरून पुन्हा भिजतो, पुन्हा वाढतो आणि टम्म पुऱ्या उठतात. हा हात दुसऱ्या दिवशी.

## ९. चिकटवणं: नॅपकिन

नॅपकिन भिजवायचा नाही. हातातच त्याचा लगदा होईल. त्याला इस्त्री लावा. मला ही पद्धत सापडली तेव्हापासून मी दुसरी वापरलेली नाही.

पांढऱ्या रंगावर चिकट्याचे दोन पातळ हात द्या आणि पूर्ण वाळू द्या. खरोखर पूर्ण, म्हणजे दुधाळपणा जाऊन पारदर्शक होईपर्यंत. नॅपकिनच्या चित्राभोवती ओल्या ब्रशने रेघ ओढून हाताने फाडा. कात्रीची कड वाळल्यावर रेघेसारखी दिसते, फाडलेली विरघळून जाते. चित्र कोरड्या चिकट्यावर ठेवा, जागा ठरवा, वर बटर पेपर ठेवा, आणि वाफ बंद करून मध्यम गरम इस्त्री मधून कडेला फिरवा. एका जागी थांबू नका. उष्णतेने खालचा चिकटा मऊ होतो आणि कागद धरतो. पाणी नाही म्हणून कागद वाढत नाही, म्हणून सुरकुतीही नाही. थंड झाल्यावर कुठे सुटलेलं वाटलं तर तेवढ्यावर परत इस्त्री.

यानंतर वरून चिकट्याचा पातळ हात द्यायचा तो मऊ ब्रशने, एकाच दिशेने, एकदाच. परत परत ब्रश फिरवला की नॅपकिन गोळा होतो.

कोरीव कडा, गोल पाय अशा ठिकाणी इस्त्री पोचत नाही. तिथे छोटे छोटे फाडलेले तुकडे आणि ओला चिकटा. मोठा तुकडा गोलाईवर सपाट बसत नाही, कितीही विनवण्या करा.

## १०. वाळणं, आणि फुगे आलेच तर

चोवीस तास हात लावू नका. पावसाळ्यात अठ्ठेचाळीस. पहिल्या तासात काही फुगे दिसतील. यांतले बरेच कागद आकसला की आपोआप बसतात. ओल्यातच दाबत बसलात तर कागद ताणला जाऊन कायमची सुरकुती पडते. हेअर ड्रायरही नको. वरचा थर वाळतो, आतली वाफ कोंडते आणि नवे फुगे येतात.

दुसऱ्या दिवशी नखाने टकटक करत सगळीकडे फिरा. पोकळ आवाज आला तिथे पेन्सिलची खूण करा. मग:

छोटा फुगा असेल तर सुईने दोन भोकं पाडा, एकातून हवा जाईल. औषधाच्या दुकानातल्या सिरिंजने दुसऱ्यातून पातळ चिकट्याचा थेंब सोडा, दोन मिनिटं मुरू द्या, पिशवी ठेवून दाबा, टिपा, वर पिशवीसकट जड पुस्तक ठेवा.

मोठा असेल तर नव्या ब्लेडने चित्रातल्या एखाद्या रेघेवरून चीर द्या, म्हणजे ती दिसणार नाही. आत चिकटा सोडून एक कड दुसऱ्यावर किंचित चढू द्या.

सुरकुती असेल तर पूर्ण वाळल्यावर ४००ने फक्त तिचा माथा घासा. पांढरं दिसायला लागलं की थांबा आणि तेवढ्यावर जुळणारा रंग टेकवा.

हे सगळं झाल्यावर साध्या कागदाला वरून चिकट्याचा एक पातळ हात. आताही थोडे फुगे उठतील आणि बसतील. बघत बसू नका, चहा घ्या.

## ११. कडा

कात्री नको, ब्लेडही नको. पूर्ण वाळल्यावर २२०चा पॉलिश पेपर लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळा आणि कडेवरून तिरका, वरून खाली असा एकाच दिशेने ओढा. बाहेर आलेला कागद काडीमोड होऊन गळून पडतो आणि कड लाकडाशी एकजीव होते. खालून वर घासलं तर कागद उचलला जातो. नंतर कडेला बोटाने चिकटा चोळा. पुढे पाणी शिरतं ते बहुतेक इथूनच.

## १२. वार्निश

फेव्हिकॉल पाण्याने पुन्हा मऊ होतो, म्हणून वर वार्निश पाहिजेच. पाण्यातलं ॲक्रिलिक किंवा पीयू (पॉलियुरेथेन) घ्या. तेलातलं वार्निश पांढऱ्यावर पिवळं पडतं.

सावधान: सुतार प्रेमाने म्हणतील, "ताई, मी लॅकर मारून देतो, आरशासारखं होईल." लॅकरमधला थिनर लेझर प्रिंटची टोनर विरघळवतो. चित्र डोळ्यांसमोर पसरेल. नमुन्यावर मारून बघितल्याशिवाय हो म्हणू नका.

डबा हलवू नका, ढवळा. हलवल्याने आलेले बुडबुडे ब्रशबरोबर टेबलावर येतात. पातळ हात द्या, दोन हातांत दोन-तीन तास, एक हात उभा तर पुढचा आडवा. तिसऱ्या हातापर्यंत घासायचं नाही, कारण तोवर पेपर थेट चित्रापर्यंत पोचतो. तिसऱ्यानंतर ४००चा वॉटर पेपर किंचित ओला करून अगदी हलकं घासा, पुसा, वाळू द्या, पुढचा हात.

किती हात? ८० जीएसएमचा कागद साधारण ०.१ मिलिमीटर जाड असतो आणि पातळ दिलेल्या एका हाताचा थर वाळल्यावर त्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाएवढाच राहतो. त्यातला थोडा घासण्यात जातो. म्हणजे कागदाची कड बोटाला लागू नये असं वाटत असेल तर सहा ते आठ हात धरा. नॅपकिनला चार पुरतात. दोन जाड हात म्हणजे चार पातळ, हा हिशोब इथे चालत नाही. जाड थर वरून वाळतो, आतून दुधाळ राहतो आणि ओघळतो.

शेवटच्या हातानंतर वस्तू हाताला कोरडी लागेल, पण ती वापरायला तीन-चार आठवडे थांबा. तोवर काच ठेवू नका, टेबलक्लॉथ घालू नका. नंतरही टीपॉयवर काच ठेवायची तर कोपऱ्यांना रबरी बटणं लावा. चहाचा गरम कप थेट नको, खालचा चिकटा उष्णतेने मऊ होतो आणि गोल उठतो.

शेवटची तपासणी: वर्तमानपत्राचा तुकडा ठेवून त्यावर पाण्याने भरलेला तांब्या रात्रभर ठेवा. सकाळी कागद चिकटला किंवा अक्षरं उमटली तर आणखी आठवडा थांबा. मागच्या-पुढच्या कडेला, जिथे दिसणार नाही, तिथेच ठेवा म्हणजे झालं.